सीएनसी सेटर तयार झाला की सोडून जातो. बाँड घ्यावा का?

प्रश्न
सीएनसी मशीन (संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणारं) चालवायला ऑपरेटर म्हणून माणूस घ्यायचा, सेटिंग-प्रोग्रॅमिंग (नव्या कामासाठी मशीन जुळवणं आणि त्याच्या आज्ञा लिहिणं) शिकवून सेटर करायचं, आणि दीड-दोन वर्षांत हात बसला की तो दुसरीकडे जातो. वार्षिक वाढ सगळ्यांना सारखी दिली तरी गळती थांबत नाही. बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, लिहून घेण्याने फरक पडेल का?

प्रतिसाद 1
बाँडने माणूस थांबतो, मन थांबत नाही. शिवाय चांगला उमेदवार बाँड पाहूनच मागे फिरतो.

आधी सोडून गेलेल्यांच्या नोकरीचा कालावधी मांडा. पहिल्या तीन महिन्यांत गेले असतील तर चूक भरतीत आहे: रात्रपाळी, कूलंटचा (कापताना मशीनवर सोडायच्या द्रवाचा) वास, वजन उचलणं हे आधी दाखवलेलं नसतं. दीड-दोन वर्षांनी जाणाऱ्यांचं दुखणं वेगळं. काम सेटरचं, पगार मात्र ऑपरेटर म्हणून रुजू झाला त्या आकड्यावर टक्के चढवलेला. त्यातच बाहेरून नवा सेटर बाजारभावाने आणला जातो आणि त्याला मशीन समजावून देणारा जुना माणूस त्याच्यापेक्षा कमी घेत असतो. हे कळायला एक चहाची सुट्टी पुरते. म्हणून नव्याचा पगार ठरवण्याआधी तेच काम येणाऱ्या जुन्यांचे पगार शेजारी ठेवा आणि फरक त्याच महिन्यात भरून काढा.

प्रतिसाद 2
सरसकट वाढीऐवजी कौशल्य-तक्ता करा. आडव्या ओळीत माणसं, उभ्या रकान्यांत कामं: वर्क ऑफसेट (नगाची जागा मशीनला सांगणं), टूल ऑफसेट (कापणाऱ्या हत्याराचं माप सांगणं), पहिल्या नगाची तपासणी, प्रोग्रॅममधली दुरुस्ती, अलार्मचं निदान. पातळ्या चार: देखरेखीखाली करतो, एकटा करतो, बिघाड शोधतो, शिकवतो. प्रत्येक पातळीची पगारवाढ आधीच जाहीर करा.

तक्ता फसतो तो बहुधा एकाच कारणाने: सुपरवायझर टेबलावर बसून मर्जीने पातळ्या भरतो. परीक्षा मशीनवरच घ्या. ड्रॉइंग आणि कच्चा माल द्या, सलग पाच नग टॉलरन्समध्ये (मापातल्या मान्य फरकात) आले पाहिजेत. तपासणारा दुसऱ्या विभागातला हवा. आणि पातळी मिळाली की ते काम त्याच्या हातात द्या, नाहीतर शिकलेलं गंजतं.

प्रश्नकर्ता
पण जुने सेटर शिकवायलाच तयार नसतात.

प्रतिसाद 3
नगावर इन्सेंटिव्ह असेल तर शिकवण्याचा प्रत्येक तास त्याच्या खिशातून जातो. त्या तासांचं टार्गेट कमी करा, सरासरी इन्सेंटिव्ह चालू ठेवा.

शिकवण्याची पद्धतही हवी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या कारखान्यांत नवख्यांना पटकन तयार करण्यासाठी रुळलेल्या चार पायऱ्या आजही पुरतात: शिकणाऱ्याची तयारी, करून दाखवणं, त्याच्याकडून करवून घेणं, नंतर अधूनमधून पाहणं. घाईत गाळली जाते ती तिसरी. तिथे त्याने काम करता करता प्रत्येक महत्त्वाच्या टप्प्याचं 'का' तोंडाने सांगायचं. उदाहरणार्थ, जॉ (नग पकडणारे जबडे) स्वच्छ पुसायचे, कारण बारीक चिप (धातूचा कीस) अडकली तर नग तिरका बसतो. हे त्याला सांगता आलं नाही, तर मशीन अजून एकट्याच्या हवाली करू नका.