चिमुकलं माकड भारी की वारुळावरची अळंबी?

बोरिवलीची_पाल:
काल भाच्याने मोबाईलवर पिग्मी मार्मोसेट दाखवलं. ॲमेझॉनच्या जंगलातलं, जगातलं सगळ्यात छोटं माकड, वजन जेमतेम १००-१२० ग्रॅम. सगळे "अगं बाई, कित्ती गोड" करत बसले. मी वसईहून आणलेल्या रानातल्या अळंबीकडे कुणी ढुंकून बघेना. माझ्या मते अळंबी जास्त अजब. तिचा देठ मुळासारखा खाली थेट वारुळात गेलेला असतो, उपटताना तुटतो. आत वाळवी पाला-लाकूड खाऊन अर्धवट पचलेल्या विष्ठेची जाळीदार पोळी रचते, त्यावर बुरशी वाढते (तिचीच छत्री म्हणजे ही अळंबी), चोथा मऊ करते, मग वाळवी तीच पोळी परत खाते. हा संसार सुमारे ३ कोटी वर्षं चाललाय. माकड काय करतं? डिंक चाटतं.

मुलुंडकर_काका:
नुसतं चाटत नाही हो! खालच्या दातांनी सालीला भोक पाडतं, डिंक पाझरू देतं, मग पुन्हा त्याच भोकावर येतं. याला शेतीच म्हणायचं. बहुतेक वेळा जुळी होतात आणि बाप त्यांना पाठीवर घेऊन हिंडतो. तुमची अळंबी बीजाणू वाऱ्यावर सोडून मोकळी. भाजीची आणि प्राण्याची तुलनाच कशाला?

बोरिवलीची_पाल:
पोराला खांद्यावर घेण्याचं बक्षीस द्यायचं तर विरार लोकलमधल्या निम्म्या बापांना द्यावं लागेल. आणि काका, बुरशी भाजी नाहीच. नात्याने ती झाडांपेक्षा आपल्या, म्हणजे प्राण्यांच्या जवळची. शेती म्हणाल तर धिंगरी अळंबी आपण पिशवीत पिकवतो, ही मात्र वाळवीशिवाय नांदत नाही.

दादरची_सुगरण:
पानावर वाटे लावून विकतात तीच ना? कसा दिला वाटा? ओळखीच्या बाईकडूनच घ्या हं. माझ्या मामेभावाने कुत्र्याची छत्री उपटून आणली, दोन दिवस सलाईनवर होता.

गप्प_बसवेना:
मार्मोसेटच्याच भाऊबंदांत गोल्डीचं माकड आहे. काळं, अर्ध्या किलोचं. पडक्या खोडांवरची आणि बांबूवरची बुरशी हा त्याच्या जेवणातला मोठा भाग. मार्मोसेटला जुळी, याला मात्र एका वेळी एकच पिल्लू.

मुलुंडकर_काका:
म्हणजे माकडच जिंकलं. खातंय ना तिला!

बोरिवलीची_पाल:
खाणारा जिंकत असेल तर काल रात्री मी जिंकले. भाच्याने चाखलीसुद्धा नाही.