मदत हवी आहे : नील यंगचे दडलेले अल्बम सुटे घ्यावेत की बॉक्स सेट?

मलप्रभाकाठ (खानापूर)

मंडळी, रॉक गायक-गीतकार नील यंगचं सत्तरच्या दशकातलं काम एकदा क्रमाने, सलग ऐकायचं ठरवलंय. 'हार्वेस्ट' (१९७२), 'ऑन द बीच' (१९७४), 'टुनाइट्स द नाइट' आणि 'झुमा' (दोन्ही १९७५) एवढ्या सीड्या जवळ आहेत. पण या माणसाने त्या वर्षांत अख्खे अल्बम करून बाजूला ठेवून दिले, आणि ते आता चाळीस-पन्नास वर्षांनी एकेक करून बाहेर येतायत. माझा गोंधळ तिथेच आहे.

'होमग्रोन' १९७४-७५चा, आला २०२०ला. 'हिचहायकर' १९७६च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत गाऊन झाला, आला २०१७ला. 'क्रोम ड्रीम्स' २०२३ला, 'ओशनसाइड कंट्रीसाइड' २०२५ला. शिवाय 'आर्काइव्हज'चे बॉक्स सेट वेगळेच : पहिला २००९ला, दुसरा २०२०ला (दहा सीड्या), तिसरा २०२४ला (सतरा सीड्या). आज सुटे घेतले आणि उद्या बॉक्स घ्यावासा वाटला, तर तेच संगीत दोनदा विकत घेतल्यासारखं होईल का? कशात काय आहे हे कुणी ताडून पाहिलंय का?

स्ट्रीमिंगचा पर्याय मला माहीत आहे, पण आमच्याकडे जून लागला की वीज आणि नेट दोन्ही पावसाच्या मर्जीवर. सीडी हातात असली की निर्धास्त वाटतं.

दुसरा प्रश्न. माझे मामा बोटीवर नोकरीला होते. त्यांनी तिकडून आणलेली 'हार्वेस्ट'ची एलपी आता माझ्याकडे आलीय. कव्हर गुळगुळीत नाही, खरखरीत कागदाचं आहे, आणि तो कागद ओल फार धरतो. तबकडीच्या बाहेरच्या कडेला पांढुरक्या बुरशीचे ठिपके धरलेत. 'आउट ऑन द वीकेंड' सुरू होताना जो संथ ड्रम येतो, तो चरचरीत पार बुडून जातो. ही तबकडी वाचवता येईल का? कशाने पुसू? जाणकारांनी कृपया सांगावं. मला ती टाकायची नाही.

टिळकवाडीकर

प्रश्न रास्त आहे. मी दुसरा आणि तिसरा दोन्ही बॉक्स घेतलेत, त्यामुळे ताडून सांगतो.

दुसऱ्या बॉक्समध्ये १९७२ ते १९७६ हा काळ आहे. त्यात 'होमग्रोन' आहे, 'टुनाइट्स द नाइट' आहे, १९७३च्या मैफलींचे 'टस्कलूसा' आणि 'रॉक्सी' आहेत. हे सगळं सुटंही मिळतं. म्हणजे तुम्ही सुटा 'होमग्रोन' घेऊन पुढे बॉक्स घेतलात तर तो दोनदा होणार, यात शंका नाही. पण बॉक्समधल्या बाकीच्या सीड्यांवरचं बरंच काही दुसरीकडे कुठेही नाही, आणि तुम्हाला ज्या मधल्या जागा भरायच्यात त्या तिथेच भरतात. त्याची पहिली आवृत्ती तीन हजारच होती, ती हां हां म्हणता संपली. नंतर साधी आवृत्ती आली, ती शोधा. महागड्या पहिल्या आवृत्तीच्या मागे लागू नका, संगीत तेच आहे.

'होमग्रोन' का अडकला ते माहीत असेल तर ऐकायला वेगळीच मजा येते. अॅक्ट्रेस कॅरी स्नॉडग्रेसशी असलेलं नातं तुटलं त्या काळातली ही गाणी. कव्हरसकट सगळं तयार होतं. मित्रांना ऐकवायला टेप लावली तेव्हा त्याच टेपवर मागोमाग 'टुनाइट्स द नाइट' होता. तो १९७३लाच करून ठेवलेला, त्याच्या साथीच्या क्रेझी हॉर्स बँडचा गिटारवादक डॅनी व्हिटन आणि सामान सांभाळणारा ब्रूस बेरी हे दोघे ड्रग्जपायी गेले त्या दुःखातला. दोन्ही ऐकून झाल्यावर 'द बँड' या रॉक गटाच्या रिक डँकोने त्या कच्च्या, ओरखडलेल्या अल्बमच्या बाजूने कौल दिला. यंगने ऐकलं आणि 'होमग्रोन' कपाटात गेला. माझं मत विचाराल तर निर्णय बरोबर होता, पण 'होमग्रोन'ला एवढी वर्षं कोंडून ठेवायला नको होतं.

म्हणून सांगतो, तुमच्याकडच्या 'टुनाइट्स द नाइट'च्या पाठोपाठ 'होमग्रोन' लावा. त्या मित्रमंडळींना काय वाटलं असेल ते आपोआप कळतं.

निपाणीकर

टिळकवाडीकरांशी सहमत, पण तिसरा बॉक्स लगेच घेऊ नका. तो १९७६ ते १९८७ आहे. त्यातला निम्मा काळ तुमच्या प्रश्नात बसतच नाही. 'ट्रान्स' आणि त्यापुढचं सगळं आधी सुटं ऐकून बघा, रुचलं तर पुढचं.

त्याऐवजी 'हिचहायकर' आजच मागवा. निर्माता डेव्हिड ब्रिग्ज काचेपलीकडे, आणि यंग एकटा गिटार घेऊन बसलेला. दहा गाणी. त्यातलं 'पावडरफिंगर' ऐका. तेच गाणं १९७९च्या 'रस्ट नेव्हर स्लीप्स'वर क्रेझी हॉर्ससोबत केवढ्या आवाजात येतं! इथे नुसती गिटार आणि तो कोवळा, चिरका गळा. नदीवरून बोट येतेय आणि घरात निर्णय घ्यायला मोठं माणूस कुणी नाही, हे गाण्यातल्या त्या पोराचं एकटेपण इथे जास्त लागतं. 'कँपेनर'मध्ये १९७७च्या 'डेकेड' या निवडक गाण्यांच्या संचावर गाळलेलं एक कडवंही आहे.

'क्रोम ड्रीम्स' मात्र तुमच्याकडे 'अमेरिकन स्टार्स अँड बार्स' (१९७७) नसेल तरच घ्या. 'लाइक अ हरिकेन' आणि 'विल टू लव्ह' दोन्हीकडे तीच आहेत. गंमत म्हणजे 'क्रोम ड्रीम्स टू' त्याने २००७लाच काढला होता, पहिल्याच्या सोळा वर्षं आधी! तोवर पहिला चोरट्या टेपांवरच फिरत होता.

बाहेरून मागवताना एक सांभाळा. किंमत बघून खूश होऊ नका, वर सीमाशुल्क आणि जीएसटी बसतो, शिवाय कुरिअरवाला आपला आकार लावतो. माझ्या एका पार्सलमध्ये प्लास्टिकच्या डब्या चुरा होऊन आल्या, सीड्या वाचल्या हे नशीब. दोघातिघांनी मिळून मागवलं तर पाठवणी स्वस्त पडते. मी तयार आहे.

कॅसेटवाला (वडगाव)

तबकडीचं मी सांगतो. बुरशी वरवरची असेल तर तबकडी नक्की वाचते, काळजी करू नका.

आधी उन्हात ठेवू नका, वाकेल. कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर ठिपके झटका, नाहीतर तीच बुरशी खोलीतल्या दुसऱ्या कव्हरांना धरते. मग डिस्टिल्ड वॉटर घ्या, बॅटरीवाल्याकडे मिळतं. नळाचं नको, क्षार खाचांत बसतात. त्यात भांड्यांच्या सौम्य लिक्विडचे दोनच थेंब. मायक्रोफायबरचं कापड भिजवून पिळा आणि खाचांच्या दिशेने गोल फिरवा, आडवं घासू नका. मधल्या लेबलला पाणी लागू देऊ नका. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसा आणि उभी ठेवून पूर्ण वाळू द्या. डाग हट्टी असेल तर पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं.

पण हे महत्त्वाचं : घरात जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोलचा थेंबही लावायचा नाही. लाख त्यात विरघळते. आपल्या भागात कुमार गंधर्वांचं सुळेभावी आहे, घरोघरी अशी जुनी रेकॉर्डं असतात. एकाच्या नादात दुसरं बुडायचं.

आतलं कागदी पाकीट फेकून द्या, बुरशीचं मूळ तिथेच असतं. नवं प्लास्टिकचं अस्तर असलेलं घाला. कव्हर पंख्याखाली वाळवा, वेगळं ठेवा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि पावसाळाभर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा बघा.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. निपाणीकर, 'हिचहायकर' आणि दुसऱ्या बॉक्सची साधी आवृत्ती मिळून मागवायला मीही तयार आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. 'अमेरिकन स्टार्स' जवळ नाही, म्हणजे 'क्रोम ड्रीम्स'ही त्याच पार्सलमध्ये.

कॅसेटवाले दादा, ७८च्या तबकड्या खरंच आहेत घरात. वेळेवर सांगितलंत. एलपी मात्र तुम्ही सांगितलंत तसंच करून बघतो.

एकच राहिलं. 'हार्वेस्ट'चा पन्नास वर्षांचा सेट (२०२२) घेण्यासारखा आहे का? आणि चौथ्या बॉक्ससाठी थांबावं का?

टिळकवाडीकर

'हार्वेस्ट'चा सेट तुमच्या आवडीला शोभेल. १९७१ची बीबीसीवरची एकट्याची मैफल त्यात आहे, शिवाय तीन गाळलेली गाणी आणि अल्बम घडताना चित्रित केलेला माहितीपट. मैफलीत 'ओल्ड मॅन' आणि 'हार्ट ऑफ गोल्ड' अल्बम बाजारात यायच्या वर्षभर आधी ऐकू येतात. लोकांना ती गाणी अजून माहीतच नाहीत. पाठ असलेली गाणी अशी पुन्हा नवी होऊन ऐकायला मिळतात, त्यासाठी घ्याच.

चौथ्यासाठी थांबू नका. पहिला ते दुसरा अकरा वर्षं लागली, दुसरा ते तिसरा चार. पुढचा कधी आला तरी तो १९८७च्या पुढचा, 'फ्रीडम' आणि 'रॅग्ड ग्लोरी' या अल्बमच्या आसपासचा असणार. त्याची वाट मीही डोळे लावून बघतोय. पण तुम्हाला जी वर्षं ऐकायचीत ती सगळी आज दुकानात आहेत.

निपाणीकर

व्यनि मिळाला. पार्सल माझ्या पत्त्यावर मागवू, निपाणीहून तुमचा वाटा बेळगावपर्यंत मी स्वतः आणून देतो. कॅसेटवाल्यांना काही हवं असेल तर त्यांनी रविवारपर्यंत सांगावं.