क्रायकोचं सिम्युलेशन बसवतोय, अडकलोय. मदत हवी आहे

भूलवाला
पुढच्या आठवड्यात क्रायकोचं ट्रेनिंग आहे, म्हणजे तोंडातून श्वासाची ट्यूब जात नसली की गळ्यात स्वरयंत्राच्या पुढच्या पडद्याला छेद देऊन वाट करायची. मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) सगळ्यांचे हात चालतात, पण प्रसंग उभा केला की कोणी स्काल्पेल उचलतच नाही. काय बदलू? जरा लवकर सांगा.

उत्तररात्र
शिकणारे कोण? किती जण? सुईने की स्काल्पेलने? मोठी माणसं की लहान मुलं? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

साधा सर्जन
मॅनिकिन बाजूला ठेवा. त्याला रक्त येत नाही, कातडी सरकत नाही. डुकराची किंवा मेंढीची श्वासनलिका घ्या, वर फोम, त्यावर खोटी कातडी ताणून बसवा आणि मध्ये लाल पाण्याची पिशवी ठेवा. रक्तात काही दिसेनासं झालं की बोटांनी चाचपायला शिकतात. मी असंच शिकवत आलोय.

त्रिमिती
आणि दर वेळी नवं आणायचं, वास, साफसफाई? थ्रीडी प्रिंटचं स्वरयंत्र करा. पडद्याच्या जागी चिकटपट्टी, प्रत्येकानंतर बदलायची.

साधा सर्जन
कूर्चेला पातं लागल्याचं जे हाताला कळतं, ते प्रिंटमध्ये नाही.

त्रिमिती
हात बसायला तेवढं लागतही नाही. २००३ च्या एका अभ्यासात भूलतज्ज्ञांनी साध्या मॅनिकिनवर सराव केला, तर पाचव्या खेपेपर्यंत ९६ टक्के जणांना ४० सेकंदांत जमत होतं.

उत्तररात्र
अहो, हात चालतात असं त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिलंय!

मॉनिटर
व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (घशात बघत ट्यूब घालायचं कॅमेऱ्याचं उपकरण) घेणार असाल तर स्क्रीन हँडललाच जोडलेला घ्या. वेगळा स्क्रीन ढकलत न्यावा लागतो.

भूलवाला
लॅरिंगोस्कोप आहे, धन्यवाद. १४ जण, दुसऱ्या वर्षाचे निवासी डॉक्टर. रुग्ण प्रौढच. स्काल्पेल-बूजी-ट्यूब (छेद, त्यातून वाट दाखवणारी लवचीक कांडी, तिच्यावरून ट्यूब): १० नंबरचं पातं, ६ ची कफवाली ट्यूब. सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ६० टक्क्यांच्या खाली जातं तरी पाचव्यांदा लॅरिंगोस्कोप घालतात. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीच्या २०१५ च्या सूचना, म्हणजे ट्यूब घालायचे तीन प्रयत्न आणि जास्त अनुभवी हाताचा एक चौथा, सगळ्यांना पाठ आहेत. नंतर विचारलं तर म्हणतात, सर काहीतरी बोलतील असं वाटलं.

टोचणी
सुईने शिकवलंत तर घाबरणार नाहीत. कापायची भीतीच नको.

उत्तररात्र
२०११ चा नॅप-४ अहवाल वाचा, श्वासमार्गाच्या गुंतागुंतींची ब्रिटनमधली पाहणी. सुईचे सुमारे ६० टक्के प्रयत्न फसले होते.

जुनी सिस्टर
सर, प्रसंग चालू असताना तुम्ही कुठे उभे असता?

भूलवाला
डोक्याशी. अडलं तर सांगायला.

जुनी सिस्टर
मग ते तुमच्याकडेच बघणार. बाहेर जा. खोलीत सिस्टरलाही घ्या, नुसती सामान द्यायला नको. तिसरा प्रयत्न फसला की तिने ट्रे उघडून हातात द्यायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "ट्यूब जात नाही, ऑक्सिजन जात नाही." मागितल्यावर ट्रे द्यायचा असेल तर मागायलाच कोणी धजत नाही, हे मी पाहिलंय.

प्रसूतीकक्ष
पटलं. हृदय बंद पडलेल्या गरोदर बाईच्या ड्रिलमध्ये आमच्याकडे एक जण फक्त मिनिटं ओरडतो. चौथ्या मिनिटाला सिझेरियन सुरू, पाचव्यापर्यंत बाळ बाहेर. कोणी कोणाची परवानगी मागत बसत नाही.

भूलवाला
उद्या काचेपलीकडे उभा राहून बघतो. पण कोणी घाईने, दुसऱ्याच प्रयत्नानंतर "ट्यूब जात नाही" जाहीर केलं तर?

जुनी सिस्टर
प्रसंग थांबवू नका, कापू द्या. का ठरवलं ते डिब्रीफिंगमध्ये (नंतरच्या चर्चेत) आधी त्यालाच विचारा.