बेळगावचे टॉकीजवाले प्रेक्षक ओळखायचे, आजचं मल्टिप्लेक्स ओळखत नाही. पटतं का?

टिळकवाडीकर

गेल्या शुक्रवारी मुलीला मराठी सिनेमा दाखवायचा म्हणून मोबाईल काढला. अख्ख्या बेळगावात त्याचा एकच खेळ, तोही सकाळी साडेनऊचा. शाळा, ऑफिस, दुकान सोडून त्या वेळेला कोण जाणार? सोमवारी बघतो तर तो खेळही निघालेला. कारण काय, तर म्हणे प्रतिसाद नाही.

ऐंशीच्या दशकात मी शाळेत होतो. ग्लोब, चित्रा, प्रकाश, हंस, निर्मल, स्वरूप, नर्तकी ही नावं आम्हाला पाढ्यांसारखी पाठ. आमच्या घराजवळच्या टॉकीजला तीन, सहा, नऊला नवा हिंदी सिनेमा, बाराच्या मॅटिनीला मराठी नाहीतर जुना हिंदी, रविवारी सकाळी कधी कन्नड, कधी इंग्रजी. गुरुवारी संध्याकाळी रिक्षा फिरायची, वर कर्णा, दोन्ही बाजूंना पोस्टरच्या पाट्या. आतला माणूस गुलाबी-पिवळी हँडबिलं उधळायचा आणि आम्ही पोरं गल्लीच्या टोकापर्यंत मागं धावायचो. त्या एका कागदावर आठवड्याला तीन-चार भाषा असायच्या.

मालक बुकिंगच्या खिडकीजवळ खुर्ची टाकून बसलेला असायचा. येणारा-जाणारा त्याला विचारायचा, "मालक, दादा कोंडक्यांचं परत कधी लावताय?" चार माणसांनी विचारलं की महिन्याभरात मॅटिनीला लागायचं. सिनेमा लावणारा माणूस गावात होता, म्हणून त्याला जाब विचारता यायचा. आता कुणाला विचारू? तिकीट तपासणाऱ्या पोराला? तो बिचारा म्हणतो, "सर, शो वरनं येतात."

आणखी एक. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, पण सिनेमाच्या धंद्यातली सीमा जागची हलली नाही. मुंबई इलाख्यातले आपले जुने जिल्हे, बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार, हिंदी सिनेमाच्या वितरणात 'बॉम्बे सर्किट'मध्येच, म्हणजे मुंबईच्या वितरकांच्या हद्दीतच राहिले. कन्नड सिनेमाच्या फिल्मच्या पेट्या बंगळूरच्या गांधीनगरातून यायच्या. दोन्हीकडच्या पेट्या आपल्या गावात उतरत होत्या. अशी गावं सगळ्या कर्नाटकात किती असतील? ते टॉकीजवाल्यांनी टिकवलं आणि आपण घालवलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मशीनवाल्याचा मुलगा

साफ चूक. माझे वडील बावीस वर्षं एका टॉकीजला ऑपरेटर होते. टॉकीजचं नाव घेत नाही. मालक खुर्चीवर बसायचा हे खरं, पण सिनेमा तो ठरवायचा हा तुमचा समज आहे.

मोठ्या हिरोचा सिनेमा पाहिजे तर त्याच वितरकाचे दोन पडेल सिनेमे गळ्यात घ्यावे लागायचे. मोठ्याला मिनिमम गॅरंटी भरायची, म्हणजे गल्ला जमो न जमो, ठरलेली रक्कम आधी मोजून द्यायची. प्रिंटबरोबर वितरकाचा माणूस यायचा, खिडकीत बसून तिकिटाचा एकेक अद्धा मोजायचा. आठवड्याचा गल्ला ठरलेल्या आकड्याखाली गेला की सिनेमा खाली, मग तुमची आजी कितीही हळहळो. मॅटिनीला जुने सिनेमे लागायचे, कारण जुनी प्रिंट थोड्या ठरावीक भाड्यात मिळायची. तुमची फर्माईश आणि त्याची काटकसर जुळून आली, एवढंच.

त्या प्रिंटची अवस्थाही सांगतो. आपल्याकडे येईपर्यंत ती दहा गावं फिरलेली असायची. वडील रात्री रीळ हातावर घेऊन बोटानं कडा चाचपायचे. फाटलेलं भोक लागलं की तिथं कापून फिल्म चिकटवायच्या सिमेंटनं जोडायचे. दरवेळी चार-दोन चौकटी जायच्या, म्हणून गाण्यात उडी बसायची. लोक शिट्ट्या मारायचे तेव्हा शिव्या वडिलांना पडायच्या. मशीनमध्ये कार्बनच्या दोन काड्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या, त्यांच्यामधल्या ज्योतीवर पडदा उजळायचा. काड्या जळत जायच्या तसं त्यांच्यातलं अंतर सारखं ठेवावं लागायचं, नाहीतर पडदा पिवळा पडायचा. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात टिपका दिसतो. पहिल्याला दुसरं मशीन चालू करायचं, सात-आठ सेकंदांनी दुसऱ्या टिपक्याला पडदा त्याच्यावर द्यायचा. वडील जेवतानासुद्धा भिंतीच्या उजव्या कोपऱ्याकडं बघायचे. आम्हाला लहानपणी ते कळायचं नाही.

टॉकीज बंद झालं तेव्हा त्यांच्या हातात काही पडलं नाही. म्हणून 'टॉकीजवाल्यांनी टिकवलं' म्हणताना कुणी टिकवलं ते नीट बोला.

खानापूरकर

दोघांनीही कराचा मुद्दा सोडलाय. कर्नाटकात कन्नड सिनेमाला करमणूक कर माफ होता, मराठीला नव्हता. तेच मराठी सिनेमाला महाराष्ट्रात सरकारचा आधार. म्हणजे मराठी सिनेमाला कोल्हापुरात एक न्याय आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवर बेळगावात दुसरा. तरीही मराठी लागत होतं म्हणजे लोक पैसे मोजत होते. मालकाच्या प्रेमापेक्षा मला हे मोठं वाटतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, राज्याचा तो कर त्यात गेला. मग आता खेळ साडेनऊलाच का? आता फिल्मची पेटी नाही, प्रिंटचा खर्च नाही, एका सिनेमासाठी दुसरा उतरवायला बटण पुरतं. त्यामुळं टिळकवाडीकरांचा राग मला मान्य आहे. मालकाला दिलेलं श्रेय मात्र नाही.

धारवाड रोड

माझ्या घरी कन्नड, शाळा मराठी. या धाग्यात 'मराठी लागत होतं का' एवढंच मोजलं जातंय, ते खटकलं म्हणून लिहितोय.

कन्नडमधला पहिला बोलपट 'सती सुलोचना', १९३४ चा. तो चित्रित झाला कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये. प्रभातच्या 'माणूस'मधल्या शांता हुबळीकर हुबळीजवळच्या अदरगुंचीच्या. तेव्हा आमचं-तुमचं अशी वाटणी करून सिनेमा झालाच नाही या भागात. माझे वडील कन्नड नट राजकुमारांच्या सिनेमाला मला न्यायचे, शेजारचे मराठी काका बरोबर यायचे आणि अर्थ मी सांगायचा. पुढच्या आठवड्यात काकांच्या आवडीचा तमाशापट, तिथं वडिलांना काका सांगायचे. मी दोन्ही भाषा पक्क्या शिकलो त्या तिथं, थर्डच्या बाकावर दोघांच्या मधे बसून.

पण टिळकवाडीकर, टॉकीज म्हणजे शांततेचं बेट होतं असं समजू नका. भाषेचं आंदोलन पेटलं की पहिली काच टॉकीजची फुटायची. पोस्टरला डांबर लागायचं, या भाषेच्याही आणि त्या भाषेच्याही. शाळेत कन्नडला पहिलं स्थान मागणाऱ्या १९८२ च्या गोकाक चळवळीनंतर तर वडील आम्हाला सिनेमाला न्यायच्या आधी गावात काय हवा आहे ते बघून यायचे. चार भाषांचं हँडबिल मलाही प्रिय आहे. तेवढंच दाखवून बाकीचं झाकू नये, इतकंच.

निपाणीकर

बेळगाव म्हणजेच सगळा सीमाभाग असं धरून चाललाय. आमच्याकडं यात्रेत तंबू लागायचा. खाली माती, मधे दोरी, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, अंधार पडल्याशिवाय खेळ सुरू होत नव्हता. माझी आजी विड्या वळायची. हप्ता झाला त्या संध्याकाळी कामावरच्या आठ-दहा बाया मिळून निघायच्या, डब्यात भाकरी घेऊन. कुणाला विचारून जायची गरज नव्हती, पैसे स्वतःचे होते. आजीनं बघितलेले बहुतेक सिनेमे देवाधर्माचे. पडद्यावर देव आला की ती हात जोडायची. तिला कुठल्या मालकानं काय लावलं याच्याशी कर्तव्य नव्हतं.

शहापूरची माहेरवाशीण

निपाणीकरांच्या आजीचा हेवा वाटला. आमच्याकडं विणकरांच्या, मागावरच्या घरात आठ-दहा बाया मिळून निघणं शक्य नव्हतं.

सगळे पुरुष बोलताय म्हणून सांगते. 'जाब विचारता यायचा' हे वाक्य मी तीनदा वाचलं. कोण विचारायचं? खिडकीजवळ मालकाच्या खुर्चीशी उभं राहून बोलायची माझ्या आईची प्राज्ञा नव्हती. बायकांची रांग वेगळी, लोखंडी गजांच्या बोळातून. आत शिरलं की मागं वळता येत नव्हतं. मोरीबद्दल तर लिहवतच नाही. आम्ही घरातून पाणी न पिता निघायचो. रात्री नऊचा खेळ आमच्यासाठी नव्हताच.

आमचा खेळ बाराचा. सकाळचं रांधून, मागावरच्यांचं जेवण काढून, पोरं शाळेत. बारा ते तीन एवढाच वेळ आईच्या मालकीचा होता. शेजारणीला हाक मारायची, "मी येतो बाई, थांब जरा," आमच्या बेळगावी वळणानं. पदर खोचून भराभरा चालायची. मशीनवाल्याचे चिरंजीव म्हणतात मॅटिनीला जुने सिनेमे स्वस्त म्हणून लागायचे. असेल. पण त्या स्वस्तातल्या खेळाला खुर्च्या भरायच्या त्या आम्ही.

मग नव्वदच्या सुमाराला काय झालं? एकेका टॉकीजनं बाराच्या खेळाला 'फक्त प्रौढांसाठी'चे सिनेमे लावायला सुरुवात केली. भिंतीवर ती पोस्टरं. आईनं त्या रस्त्यानं जाणंच सोडलं, बाजाराला लांबच्या गल्लीतनं जायची. मालक प्रेक्षक ओळखत होता ना? मग बारा ते तीनच्या आम्ही बायका त्याला का ओळखू आलो नाही?

मशीनवाल्याचा मुलगा

ताई, तेव्हा वडील घरात बोलले होते ते आठवतं. "आता बायकांचा खेळ गेला." आम्ही लक्ष दिलं नाही. तोपर्यंत घरोघर टीव्ही, गल्लीत व्हिडिओची कॅसेट, सहा-नऊलाच खुर्च्या रिकाम्या. बाराच्या खेळावर वीजबिल निघायचं. हे समर्थन नाही, झालं ते सांगतोय.

टिळकवाडीकर

ताई, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. मी त्या वेळी कॉलेजात होतो आणि ती पोस्टरं बघून आम्ही हसायचो, याची आज लाज वाटली. मालकाबद्दलचं वाक्य मी मागं घेतो.

पण मुख्य मुद्दा सोडत नाही. मालक चुकला हे तुम्हाला कळलं, कारण तो चुकताना गावाला दिसत होता. मल्टिप्लेक्समध्ये मोरी चांगली आहे, रांग एकच आहे, रात्रीच्या खेळाला मुली निर्धास्त जातात, हे सगळं मोठं आहे आणि मला हवंच आहे. त्याच्याबरोबर माझ्या गावाच्या भाषा का जाव्यात? धारवाड रोडवाल्यांच्या वडिलांना आणि काकांना मिळून बघता येईल असा आठवडा आज कुठल्या पडद्यावर आहे?

धारवाड रोड

नाही कुठल्याच. काका गेले, वडील आता घरात फोनवर एकटेच बघतात. खाली कन्नड अक्षरं येतात, त्यामुळं मराठी सिनेमाही बघतात. अर्थ सांगायला कुणी लागत नाही. खानापूरकरांना विचारावंसं वाटतं, याला सोय म्हणायची की काय म्हणायचं?

खानापूरकर

सोयच. माझ्या आईच्या गुडघ्यांना टॉकीजच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. शेवटची पंधरा वर्षं तिनं एकही सिनेमा बघितला नव्हता, आता आठवड्याला दोन बघते. यात काही गेलं असेल तर ते माझं गेलं, तिचं नाही.

टिळकवाडीकर

ताई, एक विचारतो. तुमच्या आईनं बाराच्या खेळाला शेवटचा कुठला सिनेमा बघितला? ज्यांच्याकडं हँडबिलं आहेत त्यांनी फोटो काढून इथं टाका, तारखेसकट. पण हँडबिलावर तुमच्या आईसारख्यांचं काहीच मिळायचं नाही, म्हणून विचारतोय.

शहापूरची माहेरवाशीण

काल फोनवर विचारलं. नाव आठवत नाही म्हणाली, रडका होता एवढं नक्की. मध्यंतर झाल्यावर माझा धाकटा भाऊ मांडीवर किंचाळायला लागला. मागची माणसं ओरडायला लागली म्हणून ती उठून दाराशी आली. डोअरकीपरनं बॅटरी काखेत धरली, पोराला खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, "जावा वैनी, बसा. शेवट चांगला आहे." बाहेर पडली तर भाऊ त्याच्या खांद्यावर झोपलेला, आणि हा पोस्टरच्या काचेसमोर फेऱ्या मारत होता.