मदत हवी आहे : बोकडाच्या मटणाची निहारी घरी कशी शिजवावी?

नमस्कार. आम्ही शारजात राहतो. आमच्या शेजारी कराचीचे एक कुटुंब आहे आणि त्या घरातील आजींच्या हातची निहारी आम्ही अनेकदा खाल्ली आहे. येत्या शनिवारी आमच्याकडे बारा माणसे जेवायला येणार आहेत आणि त्यांच्यासाठी तीच निहारी, परंतु बोकडाच्या मटणाची, करण्याचा माझा विचार आहे. आजी सध्या मुलीकडे कराचीला गेल्या आहेत, आणि त्यांच्या सूनबाईंना ती मोठ्या जनावराच्या मांसाचीच करण्याचा सराव असल्याने मटणाला किती वेळ द्यावा हे त्यांनाही नेमके सांगता येईना. म्हणून येथे विचारते आहे.

ज्यांनी निहारी खाल्लेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही मूळची जुन्या दिल्लीची. १९४७ नंतर दिल्लीहून कराचीला गेलेल्या कुटुंबांबरोबर ती तिकडे गेली आणि बर्न्स रोडसारख्या भागांत इतकी रुजली की आज कराचीची ओळख तिच्यावाचून सांगता येत नाही. नळीसकट पोटरीचे मांस मंद आचेवर रात्रभर शिजवायचे, रस्सा भाजलेल्या कणकेने दाट करायचा, वर लालभडक तरी सोडायची आणि सकाळी आल्याचे बारीक काप, हिरवी मिरची, कोथिंबीर व लिंबू घेऊन खमिरी रोटीबरोबर खायची, अशी तिची रीत आहे.

माझी मुख्य अडचण तरीची आहे. प्रेशर कुकरमध्ये थोड्या मटणाची करून पाहिली तेव्हा मांस शिजले, पण रस्सा गढूळ झाला आणि तवंग वेगळा सुटलाच नाही. कणीक घातल्यावर तर सगळे एखाद्या पिठल्यासारखे दिसू लागले. आजींच्या पातेल्यात मात्र दाट रस्सा खाली आणि तरी वर, असे दोन थर स्पष्ट दिसत असत. तेव्हा रात्रभर शिजवणे हाच त्यावरचा उपाय आहे का, आणि तसे असेल तर बोकडाचे कोवळे मटण इतका वेळ टिकेल का? कसायाकडून कोणते तुकडे मागावेत, आणि मसाला पाकिटातला वापरावा की घरी करावा, हेही जाणकारांनी कृपया सांगावे. माझ्याकडे गॅसची शेगडी आणि जाड बुडाचे दहा लिटरचे पातेले आहे.

प्रतिसाद १

ताई, आखाती देशात नोकरीला असताना मी बरीच वर्षे कराचीच्या सहकाऱ्यांबरोबर एका बिऱ्हाडात राहत होतो आणि निहारी त्यांच्याकडूनच शिकलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रथम रात्रभर शिजवण्याचा विचार सोडून द्यावा. तो वेळ वयस्कर, थोराड जनावराच्या पोटरीसाठी आणि निखाऱ्यावर ठेवलेल्या मोठ्या देगेसाठी ठरलेला आहे. पोटरीच्या स्नायूंत जाड पांढरे पडदे आणि शिरा असतात. सत्तर अंशांच्या पुढे त्या हळूहळू विरघळून रश्श्यात चिकटपणा आणतात, आणि जनावर जितके थोराड तितका त्याला वेळ जास्त लागतो. बोकडाच्या पोटरीला मंद आचेवर तीन ते साडेतीन तास पुरतात. त्यापुढे मांस हाडावरून सुटते, त्याचे दोरे होतात आणि ते रश्श्यात हरवून जाते. चमच्याच्या कडेने तुकडा तुटावा, परंतु उचलल्यावर हाडाला धरून राहावा, ही शिजल्याची खूण समजावी.

मात्र मटण लवकर शिजते म्हणून रश्श्याला तो चिकटपणा पुरेसा येत नाही, आणि मटणाच्या निहारीचे खरे दुखणे तेथे आहे. कणीक वाढवून ते झाकता येत नाही. तुमचा रस्सा पिठल्यासारखा दिसला त्यामागे तेही एक कारण असावे. यावर उपाय असा, की बोकडाचे चार पाय आदल्या दिवशी कुकरमध्ये भरपूर पाणी घालून तासभर शिजवावेत आणि ते पाणी गाळून घ्यावे. पायांत चरबी बेताची आणि चिकटपणा भरपूर असतो, त्यामुळे त्यांना कुकरची धग चालते. याच पाण्यात दुसऱ्या दिवशी मटण शिजवावे, म्हणजे जे काम मोठ्या जनावराचे मांस रात्रभरात करते ते काम या पाण्याने आधीच झालेले असते.

कसायाकडे पोटरीचे मोठे तुकडे आणि वेगळ्या नळ्या मागाव्यात. तुमच्या भागात पाकिस्तानी कसाई असेल तर ‘बोंग’ आणि ‘नल्ली’ एवढे दोन शब्द पुरतात. बारा जणांना हाडांसकट तीन किलो पुरे होईल. तुकडे मुठीएवढे ठेवावेत, रश्श्यासाठी आपण करतो तसे लहान करू नयेत.

मसाला घरी करावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पाकिटातल्या मसाल्यात मीठ आधीच असते आणि बडीशेपेचे प्रमाण आपल्या हाती राहत नाही. किलोभर मटणाला दोन मोठे चमचे बडीशेप, एक मोठा चमचा धने, एक लहान चमचा शहाजिरे, एक लहान चमचा सुंठ पूड, चार पिंपळ्या, दहा मिरे, सहा लवंगा, सहा हिरव्या वेलच्या, दोन मसाला वेलच्या, बोटाएवढी दालचिनी, एक तमालपत्र, जायपत्रीची एक पाकळी आणि पाव जायफळ एवढे घ्यावे. हे किंचित गरम करून अगदी बारीक दळावे. आपल्या काळ्या मसाल्यासारखे खरपूस भाजू नये. बडीशेप, सुंठ आणि पिंपळी या तिघांचा वास पुढे आला पाहिजे. रंगासाठी काश्मिरी मिरचीची पूड दोन मोठे चमचे वेगळी ठेवावी. टोमॅटो, दही आणि खोबरे यांना या पदार्थात थारा नाही, आणि कांदा वरून तळून घालावा, रश्श्यात नको, असे माझ्या सहकाऱ्यांचे ठाम म्हणणे असे.

आता तरीविषयी. कुकरमध्ये रस्सा खदखदतो, शिटीच्या वेळी तर फारच, आणि त्या घुसळणीत चरबीचे बारीक थेंब होऊन पाण्यातच मिसळून राहतात. ते पुन्हा वेगळे होत नाहीत, म्हणून रस्सा गढूळ दिसतो. पातेल्यात वाटीभर तूप किंवा तेल मध्यम तापवून त्यात आले-लसणाचे वाटण व मटण परतावे, मग मिरची पूड घालून लगेच पळीभर पाणी घालावे, म्हणजे रंग तेलात उतरतो आणि मिरची जळत नाही. नंतर मसाला, मीठ आणि पायांचे गरम पाणी घालून एक उकळी आली की आच इतकी कमी करावी की पृष्ठभागावर एखाददुसरा बुडबुडा यावा. झाकणाच्या कडेला कणीक लावून पातेल्याखाली जाड तवा ठेवला की शेगडीजवळ उभे राहावे लागत नाही.

मटण शिजल्यावर गॅस बंद करून पातेले वीस मिनिटे हलवू नये. तेवढ्यात तरी वर येते. ती पळीने सगळी काढून वेगळ्या भांड्यात ठेवावी आणि कणीक त्यानंतरच घालावी. हा क्रम उलटला तर कणीक तेल धरून ठेवते आणि मग कितीही वाट पाहिली तरी थर सुटत नाहीत. किलोमागे पन्नास ते साठ ग्रॅम कणीक कोरडी भाजून, गार करून, थंड पाण्यात कालवून गाळून घ्यावी. मटणाचे तुकडे व नळ्या ताटात काढून मगच ती रश्श्यात धार धरून घालावी, म्हणजे ढवळताना तुकडे मोडत नाहीत. कणकेचा कच्चेपणा जायला अर्धा तास तरी मंद आच हवी, आणि या वेळी रस्सा बुडाला लागतो, तेव्हा पळी थांबवू नये. शेवटी तुकडे परत सोडावेत आणि तरी वाढताना प्रत्येकाच्या ताटलीत वरून घालावी.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे, परंतु कणकेविषयी थोडे वेगळे मत मांडते. कणकेत चौथा हिस्सा भाजलेले बेसन मिसळले तर रस्सा गार झाल्यावर खळीसारखा घट्ट होत नाही. काही जुने दिल्लीकर हे मान्य करणार नाहीत, हे ठाऊक आहे. भेंडी बाजारात नल्ली निहारी खात वाढलेल्या माझ्यासारखीला मात्र ते खटकत नाही.

आणखी एक सुचवावेसे वाटते. केवळ मटणच वापरायचे असेल तर पाकिस्तानी पंजाबातील चिनिओट गावच्या कुन्ना गोश्तचाही विचार करावा. मातीच्या मडक्यात मटण घालून त्याचे तोंड कणकेने बंद करतात आणि मंद आचेवर शिजवतात. रस्सा त्यातही पिठानेच दाटवतात, पण मसाला निहारीपेक्षा सौम्य असतो. मटणासाठीच घडलेला पदार्थ असल्याने तेथे वेळेचा हा घोळ मुळातच उद्भवत नाही.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. कुन्ना पुढे कधीतरी नक्की करून पाहीन, पण पाहुण्यांना निहारीचे सांगून ठेवले आहे, त्यामुळे या वेळी तीच करणे भाग आहे. दोन शंका उरल्या आहेत. मटण शुक्रवारी शिजवून ठेवले आणि शनिवारी दुपारी फक्त दाट केले तर चालेल का? आणि तीन किलोला पाणी व तूप सरळ तिप्पट घ्यायचे का?

प्रतिसाद १

आदल्या दिवशी शिजवणे उलट सोयीचे ठरेल. मात्र मोठे पातेले ओट्यावर रात्रभर निवत ठेवू नये, कारण मांसाचा रस्सा फार सावकाश गार होतो आणि तेवढ्यात खराब होऊ शकतो. मटण व रस्सा दोन-तीन पसरट भांड्यांत काढून, भांडी थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववावीत आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावीत. सकाळी सगळी चरबी वर लाल थरासारखी गोठलेली मिळेल; ती तशीच उचलून मंद आचेवर वितळवली की तरी तयार. गार रस्सा जेलीसारखा थिजलेला दिसेल, ते पायांच्या पाण्याचे लक्षण आहे, घाबरू नये. तुकडे गार असतानाच अलगद बाहेर काढावेत, रस्सा चांगला उकळून घ्यावा आणि मगच कणीक घालावी.

पाणी तिप्पट नको. किलोला पावणेदोन लिटर लागते, पण तीन किलोला साडेचार लिटर पुरे, कारण झाकण बंद असताना मोठ्या पातेल्यातून वाफ त्या मानाने कमी जाते. तुमच्या पातेल्यात ते मावेल. तूपही दीड वाटीच्या वर नेऊ नये, कारण नळ्यांतली चरबी त्यात भर घालते. केवळ तूप घेण्याऐवजी अर्धे तेल घ्यावे. बोकडाची चरबी ताटात पटकन थिजून टाळूला चिकटते आणि तेलामुळे ते कमी होते. एरवीही निहारी गरम ताटल्यांत, अगदी कढत वाढावी, आणि बारा जणांसाठी नान किंवा खमिरी रोट्या माणशी दोन धरून बाहेरून मागवाव्यात, कारण शेवटचा अर्धा तास तुमचा हात पळीवरून निघणार नाही.

प्रश्नकर्ती

सर्व स्पष्ट झाले. बेसनाचा प्रयोग मी घरच्यांपुरता राखून ठेवते आणि शनिवारी केवळ कणीकच वापरते. पाय आणि नळ्या कसायाकडे आजच सांगून ठेवल्या आहेत.