स्वभाव जुळणारे टीममेट शोधायचे कसे?

उशिरा_लॉगिन:
घरातलं सगळं आवरून रात्री दोन-तीन मॅच खेळतो, बहुतेक ओव्हरवॉच, म्हणजे टीमने खेळायचा ऑनलाइन नेमबाजीचा गेम. मॅचमेकिंग (गेमने आपोआप टीम जुळवणं) रँक बरोबर जुळवतं, पण माणसांचं काय? हीलरचा (टीमला बरं करणाऱ्या सपोर्ट खेळाडूचा) एक नेम चुकला की माइकवर आई-बहीण निघते. सगळ्यांना म्यूट करून पाहिलं, मग टीममध्ये असून एकट्यानेच खेळायचं. 'फक्त टाइमपास' वाले गटही माझ्या कामाचे नाहीत, कारण मला जिंकायचंय. जिंकायला जीव तोडायचा, पण हरल्यावर कुणाला धारेवर धरायचं नाही, असं मानणारे चार जण भेटतात कुठे?

मागची_फळी:
आधी जाहिरात नीट लिहा. 'टॉक्सिक लोक नकोत' हे वाचून कुणीही मागे फिरत नाही, कारण सगळ्यात जास्त ओरडणारालाही आपण शांतच आहोत असं वाटतं. त्यापेक्षा वागायचं कसं ते लिहा. आमच्या गिल्डची, म्हणजे कायम एकत्र खेळणाऱ्या गटाची, जाहिरात अशी होती (रेड म्हणजे मोठ्या गटाने मिळून करायची चढाई): 'रेडमध्ये कोण का मेलं, ते रेड संपल्यावर बोलू. मूल रडलं तर उठा, आम्ही थांबू. बाईचा आवाज ऐकून चौकशा करायच्या नाहीत.' शेवटच्या वाक्यावर काही जण वाद घालायला आले. बरं झालं, त्यांना घ्यायचा प्रश्नच उरला नाही.

आणि जिंकताना सगळेच गोड असतात हो. नवीन माणसाला सलग दोन मॅच हरू द्या, मग लॉबीत तो काय बोलतो ते ऐका.

शिवाय तीच माणसं परत भेटतील अशा जागी शोधा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये पूर्वी सर्व्हरवर नाव खराब झालं की डंजनला (छोट्या गटाच्या मोहिमेला) कुणी सोबत नेत नसे. 2009 च्या शेवटी डंजन फाइंडर आला, वेगवेगळ्या सर्व्हरची माणसं आपोआप एकत्र यायला लागली. गट पटकन मिळू लागला, पण परत तोंड दाखवायचं नसलेल्या माणसाला कसली भीड?

फ्लँकवाला:
हे काम गेमनेच का करू नये? नको तो खेळाडू एका बटणाने टाळता आला की झालं.

मागची_फळी:
ओव्हरवॉचने 2016 मध्ये ते करून पाहिलंय. तेव्हा लोकांनी विडोमेकर हे स्नायपर पात्र खेळणाऱ्या एका अव्वल खेळाडूला टाळलं. तो वाईट वागायचा म्हणून नव्हे, हरवायचा म्हणून! बिचाऱ्याला मॅचच मिळेना. शेवटी ती सोय काढली. 2018 मध्ये परत आणली ती फक्त टीममेट टाळण्यापुरती. त्याच वर्षी चांगल्या वागणुकीची एंडॉर्समेंटही (इतर खेळाडूंनी द्यायची शाबासकी) आली. ती पाहा जरूर, पण तेवढ्यावर माणूस निवडू नका.

फ्लँकवाला:
पण मूल्यं उघड लिहिली आणि कुणी रिपोर्ट केलं तर?

मागची_फळी:
तसं घडलंय. 2006 मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये एलजीबीटी खेळाडूंना सामावून घेणाऱ्या गिल्डची जाहिरात चॅटवर दिली म्हणून खेळाडूला कंपनीकडून इशारा मिळाला होता. बराच गदारोळ झाला आणि कंपनीने माफी मागितली. आपण काय मानतो ते लिहा, न मानणाऱ्यांना टोमणे मारू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ भांडणं टळतात.

उशिरा_लॉगिन:
मसुदा केलाय: 'रात्री उशिरा, माइक चालू, रँक्ड. मॅच चालू असताना चूक काढायची नाही. हरल्यावर एकाने एकच मुद्दा सांगायचा. सपोर्ट खेळणाऱ्याला हुकूम सोडायचे नाहीत.'

मागची_फळी:
चालेल. फक्त 'उशिरा' म्हणजे किती वाजता आणि कोणत्या वारी, ते टाका. नाहीतर चांगली माणसं येतील आणि तुम्ही ऑफलाइन असाल.