सातबाराही पाहा

उपग्रहचित्रात उतार, रस्ता आणि जुनी वस्ती पाहिली की नवी झोपडपट्टी कुठे वाढेल ते कळतं, असं म्हटलं जातं; हे म्हणणं नदी-नाल्याकाठच्या किंवा रेल्वेच्या पडीक जागेपुरतं ठीक. जळगाव-धुळ्याच्या कडेला अंदाज चुकतो तो मालकीमुळे. तिथल्या शेतांचे सातबारे काढा. एकाच गटावर गुंठा-दोन गुंठ्यांची १५-२० सामाईक नावं चढली असतील, तर गुंठेवारी, म्हणजे शेतजमिनीचे विनापरवाना छोटे तुकडे पाडून विकणं, सुरू झालीच समजा. चित्रात मात्र अजून हिरवी कपाशीच दिसते!

दुसरं म्हणजे कायदा. असे तुकडे नियमित करण्यासाठी २००१च्या गुंठेवारी कायद्यात असलेली १ जानेवारी २००१ची मर्यादा २०२१मध्ये ३१ डिसेंबर २०२०पर्यंत पुढे नेली. आज ना उद्या नियमित होईल या आशेवर लोक आयुष्याची पुंजी घालतात, म्हणून वस्तीवाढीच्या जुन्या वेगावर बेतलेलं गणित इथे कमी पडतं.